सहापैकी राहिलेलं गाणं

अमडापूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रसेन,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागलाय, पण बाकी ती तुझ्या-माझ्यापेक्षा दणकट आहे. सोयाबीन निघालं, कापूस वेचणं चालू आहे. लग्नाच्या तारखा निघाल्यात, त्यामुळे समता साउंड सर्व्हिसची मालकीण, म्हणजे मी, दिवसभर वायरींचा गुंता सोडवत बसलेली असते.

तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. पोस्टमनने ते हलवून पाहिलं आणि म्हणाला, "कॅशेट व्हय काय ताई? आता कोन आयकते कॅशेट?" मी म्हटलं, माझा भाऊ काढतो आणि मी ऐकते. पुण्यात पन्नासच कॅसेट काढल्या आणि त्यातली एक अमडापूरला पाठवलीस, हे मला आवडलं. बाबांचा डेक अजून चालतो. हेड पुसलं, बेल्ट बदलला, आणि लावली.

तुझी चिठ्ठी चार ओळींची. "ताई, हा आमचा पहिला अल्बम. चांगलं काय, वाईट काय, खरं सांग. २१ डिसेंबरला बुलढाण्यात त्याचा पहिला कार्यक्रम आहे. मिक्सरवर तूच पाहिजे." साडेतीन वर्षं तू दर वर्षी बाबांच्या स्मृतिदिनाला सकाळच्या बसने येतोस आणि संध्याकाळच्या बसने जातोस. तेवढ्यात माझ्याशी बोलतोस ते जेवण वाढण्यापुरतं. त्यामुळे चार ओळीसुद्धा मी चार वेळा वाचल्या.

तर खरं सांगते. तुमच्या 'गाळपेर' बँडबद्दल इंटरनेटवर लोक काय लिहितात ते मी वाचलं. कोणी म्हणतो भूगर्भातून येणारा नाद, कोणी म्हणतो पोस्ट-मेटल या जड गिटारींच्या संगीताचा नवा टप्पा. मला भूगर्भातलं काही कळत नाही. मला मंडपातलं कळतं, म्हणून तेवढंच लिहिते.

मी 'भोंगा' तीन तऱ्हेने ऐकला. आधी हेडफोनवर. मग गोदामात दोन मोठ्या बॉक्सवर. आणि अल्बमचं नावच भोंगा आहे म्हटल्यावर एकदा खऱ्या भोंग्यावर. तिसऱ्या वेळी समोरच्या बाभळीवरचे बगळे उडाले आणि शेजारच्या गीताबाई विचारत आल्या, "काऊन वं समता, मशीन बिघडली काय?" त्यांना सांगितलं की हे प्रसेनजितचं गाणं आहे. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "मोठं आहे बाई," आणि गेल्या. हे तुझं गावातलं पहिलं परीक्षण समज.

आता माझं. पहिली गोष्ट, तुमच्याकडे दम आहे. पहिलं गाणं 'खांब' चार मिनिटं दोनच सुरांवर उभं आहे आणि तरी मी हलले नाही. मंडप घालताना पहिला खांब सरळ लागेपर्यंत कोणी बोलत नाही, तसं वाटलं. घाईघाईने मोठा आवाज कोणीही करतो. मोठा आवाज कधी करायचा नाही हे तुम्हाला कळलंय, आणि ते शिकवून येत नाही.

दुसरं, 'भोंगा' या गाण्यातला बेस. तो छातीत लागतो पण पोटात ढवळत नाही. डीजेवाल्या पोरांना मी वर्षानुवर्षं हेच सांगते आणि ते माझ्याकडे बघून हसतात. त्यांना ऐकवणार आहे. 'दुपार'मध्ये तर कोणी गातच नाही, नुसती गिटार रेंगाळते. आई ते ऐकता ऐकता खाटेवर झोपली. तिच्या झोपेचं तुला माहीत आहे, ती खराब आवाजात झोपत नाही. आणि 'पन्नास घरं' मी दोनदा टेप मागे नेऊन लावलं. त्यात आपली गल्ली आहे, नाव न घेता आहे. डोळ्यात पाणी आलं, हे लिहायला लाज कसली.

आता वाईट. झांजा फार चरचरतात. ट्रेबल कमी करा, कान सोलून निघतो. 'बायपास' अकरा मिनिटांचं आहे आणि सातव्या मिनिटाला त्याला जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. पुढची चार मिनिटं तुम्ही आवाजाच्या प्रेमात पडून वाजवलेली आहेत. शिवाय ते संपायच्या आतच माझ्या कॅसेटची 'ए' बाजू संपली, खट् करून बटण वर आलं. ज्याने कॅसेट भरली त्याला विचार की टेप मोजता येते की नाही.

आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे तुझा आवाज. तू ओरडतोस याबद्दल माझं म्हणणं नाही. पण तो आवाज गिटारींच्या खाली इतका गाडलाय की शब्द शोधायला लागतात. मी इंटरनेटवरच्या त्या मंडळींचं वाचलं की या संगीतात गळाही एक वाद्यच असतो, शब्द कळायलाच हवेत असं नाही. असेल. आपल्या घरात असं नव्हतं. बाबांच्या गायन पार्टीत ढोलकी कितीही रंगात आली तरी ते मला मिक्सरवरून डोळ्यांनी खुणावायचे, आवाज वर, आवाज वर. सगळ्यात मागे पोतं टाकून बसलेल्या माणसाला शब्द कळला नाही तर कार्यक्रम फुकट, असं त्यांचं होतं. मी तीच शाळा शिकले. तेव्हा तुझं ते पुण्याचं काय असेल ते असो, तुझा आवाज वर पाहिजे. यावर मी हटणार नाही.

एकूण बघता चांगलं जास्त आणि वाईट थोडं आहे. पहिल्या अल्बमला याहून जास्त कोणी मागू नये.

एकवीस तारखेचं डायरी बघून कळवते. त्या दिवशी चिखलीला एक लग्न असल्यासारखं आठवतं.

जेवत जा. आई म्हणते फोटोत तुझी हनुवटी निघालीय.

तुझी ताई,
समता


अमडापूर,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रसेन,
सप्रेम जय भीम.

रविवारी तुझा फोन आला. तू पत्र मिळालं म्हणालास, झांजांचं पटलं म्हणालास, 'बायपास'वरून थोडा भांडलास. मग म्हणालास, "ताई, गाणी सहा आहेत. तू पाचांवरच लिहिलंस."

मी म्हटलं, आवाज तुटतोय, रेंज नाही. रेंज होती, पाचही कांड्या होत्या.

चिखलीलाही एकवीस तारखेला कुठलं लग्न नाही. माझी डायरी कोरी आहे.

हे पत्र मी आईच्या सांगण्यावरून लिहिते आहे. ती म्हणाली, "फोनवर नको सांगू. फोनवर तू बी रडशीन, थो बी रडन, अन् गोष्ट तशीच राहून जाईन. कागदावर लिही." त्यामुळे आता मी एका बैठकीत सगळं लिहून टाकणार आहे आणि परत वाचणार नाही.

'लाइट गेली' मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. बाकीच्या गाण्यांपेक्षा जास्त वेळा ऐकलं.

ज्या दिवशीचं ते गाणं आहे त्या दिवसाचा विषय आपण दोघांनी कधीच एकमेकांसमोर काढला नाही. म्हणून आधी तो दिवस मी माझ्या बाजूने लिहिते. १४ एप्रिल २०२२. बाबा जाऊन आठ महिने झालेले. विहारासमोरच्या पटांगणात जयंतीचा कार्यक्रम होता, संध्याकाळचे सात वाजलेले. समितीने तुम्हाला वीस मिनिटं दिली होती, तीही मी हट्ट केला म्हणून. साउंड आपलं, जनरेटर कारभारीभाऊंचं, ते शाळेच्या भिंतीमागे ठेवलेलं. तू बाबांनी बांधलेलं गाणं घेतलंस. पहिलं कडवं हळू म्हटलंस आणि लोक डोलायला लागले. मग गिटारी अंगावर आल्या आणि बाबांची तीच ओळ तू ओरडून म्हणालास, फाटलेल्या गळ्याने, पुन्हा पुन्हा.

मी मिक्सरवरून लोकांकडे बघत होते. इंद्रभानकाका, ज्यांनी बाबांबरोबर तीस वर्षं पेटी वाजवली, ते उठून चालू लागले. आईने पदराचा बोळा तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, हिला हे सहन होत नाही. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती मी आजवर स्वतःलाही म्हटलेली नाही. मला तुझा राग आला होता. बाबांच्या घशाच्या दुखण्यात दवाखाना, अन्नाची नळी, औषधं आणि धंदा मी एकटीने ओढला. तू पुण्याहून सुट्टी काढून यायचास, त्यांच्या उशाशी बसायचास आणि जायचास. आणि आता त्यांचं गाणं सगळ्या गावासमोर फाडतोयस, असं मला वाटलं.

मी मास्टर, म्हणजे सगळ्या आवाजाचा दांडा, खाली ओढला. मग माझ्याच लक्षात आलं की स्टेजवर दिवे लख्ख आहेत आणि नुसता आवाज गेला तर सगळे माझ्याकडेच बघतील. म्हणून बोर्डाचा मेन स्विच पाडला. पटांगणात अंधार झाला. पोरं ओरडली, "गेली बे लाइट!" आणि कोणीतरी विचारायच्या आधीच मी म्हटलं, जनरेटर बसलं.

चार-पाच मिनिटांनी मी स्विच वर केला तेव्हा समितीवाल्यांनी पुढचे वक्ते पुकारले होते. तू स्टेजच्या बाजूला गिटार गळ्यात घालून उभा होतास. तू मला म्हणालास, "ताई, तू तरी म्हन ना त्याहीले, पुन्हा वाजवू दे म्हना." मी म्हटलं, वेळ संपली. सकाळी तू पहिल्या बसने गेलास.

मी तीन वर्षं असं समजून चालले होते की तुला जनरेटरचं खरं वाटतं. तुझा राग मी तुझी बाजू घेतली नाही एवढ्यापुरताच आहे असं वाटायचं. तो राग मला झेपत होता.

मग ही कॅसेट आली. 'लाइट गेली' सुरू होतं, चढत जातं, तू ओरडतोस, आणि एकदम सगळं तुटतं. मागे लांबून पोरांची आरोळी. माइक नसलेला चंद्रशेखरचा ड्रम अंधारात तसाच वाजत राहतो. त्याच्याजवळ त्या दिवशी बॅटरीवरचा रेकॉर्डर चालू होता हे मला काय माहीत! आणि त्या ड्रमखाली एक घरघर आहे. हेडफोनवर ती स्वच्छ ऐकू येते. ते कारभारीभाऊंचं जनरेटर आहे, प्रसेन. ते चालू आहे. नुसतं चालू नाही, ज्या क्षणी आवाज तुटतो त्या क्षणी त्याचा सूर वर जातो. बंद पडणारं इंजिन आधी खोकतं, मग दम टाकतं. सूर वर चढतो तो कोणी त्याच्यावरचा लोड एकदम काढून घेतला तर, म्हणजे स्विच पाडला तर. हे बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी, एकाच इंजिनजवळ बसवून शिकवलं होतं. मला ऐकू आलं म्हणजे तुलाही आलं असणार. कधी आलं ते मला माहीत नाही.

कॅसेटच्या आतल्या कागदावर आभारांच्या यादीत शेवटी छापलंय, "अमडापूरचं जनरेटर." ते वाचल्यावर मी कागद घडी करून डेकखाली सरकवला. चिठ्ठीतलं "खरं सांग" तू गाण्यांबद्दल लिहिलं नव्हतंस. किंवा फक्त गाण्यांबद्दल नव्हतंस. मला कळलं होतं आणि तरी मी तुला झांजांबद्दल दीड पान लिहून पाठवलं.

तुझा फोन ठेवल्यावर मी आईला ते गाणं लावून दिलं. सांगितलं काहीच नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाली, "हे थेच होय ना, जयंतीच्या दिवशीचं? मले त पुरं आयकाचं होतं वं. मेली लाइट गेली."

मी विचारलं, तू तर तोंडाला पदर लावून रडत होतीस.

"रडू नको त काय करू? थे शेवटी असेच गात होते. गळ्यातून आवाज निघत नोता, तरी जीव तोडून गात होते. प्रसेन त्याईच्या उशाशी बसून आयके."

मी म्हटलं, मला कसं कधी ऐकू आलं नाही?

"तू आली का गप होत. म्हनत, समतीले खराब आवाज चालत नाही."

मी बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मग आत येऊन आईला स्विचचं सांगितलं. पूर्ण एक दिवस तिने भाकर वाढली, पाणी ठेवलं, पण बोलली नाही. काल सकाळी मला म्हणाली, "आता त्याले लिही," आणि कागदाचं ते जे मी वर लिहिलं आहे ते.

लिहायच्या आधी एक काम करायचं होतं. त्या जयंतीनंतर समितीने कारभारीभाऊंचं जनरेटर परत कधी बोलावलं नाही. ऐन कार्यक्रमात बसतं म्हणून. ते माझ्यामुळे, आणि मी दर वर्षी तोंड मिटून दुसऱ्याचं जनरेटर जोडत आले. काल दुपारी मी इंद्रभानकाकांना बरोबर घेतलं आणि कारभारीभाऊंच्या घरी गेले. दोघांसमोर सांगितलं की मशीन चालू होतं, स्विच मी पाडला.

कारभारीभाऊ म्हणाले, "मले तवाच मालूम होतं ताई. मी मशीनजवळच होतो. पन जानरावभाऊची पोरगी खोटं बोलली, हे म्या कोन्या तोंडानं सांगाव?"

इंद्रभानकाकांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांनी मला सांगितलं की ते रागाने उठले नव्हते. बाबांना ते शेवटचे भेटायला गेले होते तेव्हा बाबांनी असंच गाऊन दाखवलं होतं, आणि तुझ्या गळ्यातून तेच आल्यावर त्यांना बसवेना. म्हणजे ज्या दोन माणसांकडे बघून मी स्विच पाडला, त्या दोघांनाही मी उलटं वाचलं. तीस वर्षं लोकांकडे बघून आवाज कमी-जास्त करणाऱ्या घरातली मी. काका येत्या रविवारी वंदना झाल्यावर समितीसमोर हे सांगायला माझ्याबरोबर येणार आहेत. ते नाही आले तरी मी सांगणार आहे.

आता सहाव्या गाण्याचं परीक्षण.

चांगलं: अल्बममधलं हेच सगळ्यात मोठं गाणं आहे. बाकी पाच तुम्ही वाजवलीत. हे तुमच्या अंगावर आलं आणि तुम्ही ते उचलून धरलंत. अंधारातला तो ड्रम मी आयुष्यभर विसरणार नाही. चंद्रशेखरला सांग, माइक नसताना कसं वाजवायचं हे फार थोड्यांना येतं.

वाईट: तुझा आवाज इथेही गाडलेला आहे. तो कोणाचा आवाज आहे हे कळल्यानंतरही मी म्हणते, तो वर पाहिजे. कळल्यामुळे तर जास्तच म्हणते. जो माणूस एवढा जीव तोडून गात होता तो मागच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे.

आणखी एक दोष आहे आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. अंधारात चाळीस सेकंद गेल्यावर तुम्ही सगळे परत येता. गिटारी येतात, तू येतोस, गाणं पूर्ण होतं. त्या दिवशी ते पूर्ण झालं नव्हतं, प्रसेन. मी होऊ दिलं नाही. गाण्यात तू ते बदललंस. चांगलं वाटावं म्हणून बदललंस, की माझ्यावर एवढा ठपका राहू नये म्हणून, ते तुला माहीत. माझ्यासाठी बदललं असशील तर बदलायला नको होतं. खरं ते तसंच ठेवायचं होतंस.

माफ कर असं मी लिहीत नाही. लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल आणि तू भिडस्त आहेस, लगेच देशील. तू सावकाश घे.

एकवीस तारखेचं मात्र मी ठरवलंय. मिक्सरवर मी बसावं की दुसऱ्या कोणी, हे तू सांग. दुसरा असेल तर त्याला झांजांचं आणि आवाजाचं तेवढं समजावून ठेव. पण मी, आई, कारभारीभाऊ आणि इंद्रभानकाका, आम्ही चौघं बुलढाण्याला येणार आहोत. काकांनी गाडी सांगून ठेवलीय. तुमचं शेवटचं गाणं संपून लोक उठेपर्यंत आमच्यातलं कोणी जागचं हलणार नाही. आई तर म्हणते, लोक उठले तरी नाही.

त्या दिवशी तुझं गाणं अर्ध्यावर तोडणारी, आणि आता ते पुरतं ऐकल्याशिवाय घरी न जाणारी,
तुझीच ताई,
समता